कर्करोगावर काम करायचंय, पण खर्च कोण देणार?

गेल्या अंकात मी प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्कपेशींबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं मात्र बहुतेक पैशांबद्दलची आहेत. माझी नोकरी अशाच एका प्रयोगशाळेत झाली, पुढे निवड समित्यांवरही बसले. पैसा उपलब्ध असतो आणि नेमक्या मुलांपर्यंत त्याची बातमीच पोचत नाही, हे इतक्यांदा पाहिलं आहे की या वेळची सगळी जागा याच विषयाला देते.

एमएस्सीची विद्यार्थिनी, लातूर : बायोटेक्नॉलॉजीचं शेवटचं वर्ष आहे. कर्करोगावर पीएचडी करायची आहे. सगळे म्हणतात, त्यासाठी परदेशातच जावं लागतं. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन, धाकट्या भावाचं शिक्षण बाकी. घरून पैसे मागू शकत नाही. काय करू?

पीएचडी इथेच कर, आणि फेलोशिप घेऊन कर. घरातून एक रुपया घालून विज्ञानातली पीएचडी करायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

पहिला दरवाजा सीएसआयआर-यूजीसी नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यात जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर काम तपासून तिचीच एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप होते आणि ४२,००० मिळतात. घरभाडं वेगळं. मिळून पाच वर्षं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. दुसरा दरवाजा जैवतंत्रज्ञान विभागाच्या बीईटी परीक्षेचा. तुझा विषय बायोटेक्नॉलॉजी आहे, म्हणून ती अजिबात चुकवू नकोस. तिच्या पहिल्या यादीत नाव आलं तर फेलोशिप तुझ्या नावावर मिळते. दुसऱ्या यादीतल्या मुलांना त्या विभागाच्या प्रकल्पांवर काम करता येतं.

इथे एक फरक नीट समजून घे. कोणी सांगत नाही आणि मुलं अडकतात. नेटमधून मिळालेली जेआरएफ तुझी असते. गाइड बदलावा लागला, संस्था बदलावी लागली, तरी नियमांत बसवून ती सोबत नेता येते. पण संस्थांच्या जाहिरातींत 'प्रोजेक्ट जेआरएफ' अशीही पदं असतात. तो पैसा गाइडच्या ग्रँटचा, म्हणजे त्याला प्रकल्पासाठी मिळालेल्या अनुदानाचा. प्रकल्पाला तीन वर्षं मंजूर असली तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तुझं मानधन थांबतं, आणि पीएचडी तोवर अर्ध्यात असते. असं पद घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेतल्या कामावर हात बसतो, शिवाय काम करता करता नेट देता येते. पण रुजू होण्याआधी विचार : प्रकल्पाचं कितवं वर्ष चालू आहे, पीएचडीची नोंदणी होईल का, पैसे संपल्यावर काय? चांगला गाइड या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडे जाऊ नकोस.

नवी मुंबईत खारघरला ॲक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन संस्था. पीएचडी तिथे होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. पुण्यात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे. तिन्हींच्या प्रवेशाच्या अटी त्यांच्या त्यांच्या जाहिरातीत वाच, मैत्रिणीच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नकोस. राज्याच्या योजनाही बघ. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. तिन्ही संस्था पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात, पण आधी तुझी पीएचडीची नोंदणी झालेली लागते.

आणि एक कडू गोष्ट. फेलोशिप लागली म्हणजे पहिल्या महिन्यापासून खात्यात पैसे येतात असं नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात आणि मुलं मेसचं बिल थकवून बसतात. माझ्या एका विद्यार्थ्याचं मानधन एका कार्यालयात इतकं रखडलं की तो रात्री शिकवण्या घेऊन सकाळी पेशींना खाद्य घालायला यायचा. कर्करोगावर काम करणाऱ्या पोराला असं जगायला लावणं हा मला गुन्हा वाटतो, आणि हे मी प्रत्येक समितीत बोलले आहे. ते बदलेपर्यंत तू चार-पाच महिन्यांच्या खर्चाची सोय करून ठेव. वसतिगृहाचा अर्ज पहिल्याच दिवशी टाक.

परदेशाचं म्हणशील तर त्याची वेळ पीएचडीनंतर येते. पुण्यात जन्मलेल्या कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी केली, डॉ. खानोलकरांच्या हाताखाली. मग फेलोशिप घेऊन त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हीला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या माणसाच्या कर्कपेशी, पहिल्यांदा वाढवल्या गेल्या ती हीच प्रयोगशाळा. तिथून परतून त्यांनी मुंबईत टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. हा क्रम आजही उत्तम आहे. तुझी पीएचडी होत आली की एम्बो ही युरोपातली जीवशास्त्र संघटना, ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम आणि युरोपची मारी क्युरी, या तिन्हींच्या फेलोशिपची तयारी कर. मारी क्युरीत ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. त्यामुळे कुठे आणि कधी जायचं हे आधीपासून ठरवावं लागतं.

पॅथॉलॉजीचे डॉक्टर, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मराठवाडा : आमच्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांचे तोंडाच्या कर्करोगाचे नमुने सतत येतात, आणि बहुतेक उशिरा येतात. यावर अभ्यास करायची इच्छा आहे. पण आमच्याकडे मायक्रोस्कोप आणि रजिस्टर, एवढंच. अशा ठिकाणाहून ग्रँट कोण देणार?

डॉक्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही 'एवढंच' म्हणता ते रजिस्टर मुंबई-दिल्लीच्या कितीतरी प्रयोगशाळांकडे नाही. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, आणि नमुन्यांसाठी त्या तुमच्यासारख्यांच्या दारात येतात.

तुमच्या जवळचंच उदाहरण घ्या. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली. खेड्यातल्या बाईला कोणता कर्करोग होतो आणि ती कोणत्या टप्प्यावर दवाखान्यात पोचते, हे घरोघरी आणि गावोगाव जाऊन लिहिलं गेलं. गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथे ठळकपणे दिसला. त्यानंतर बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची ल्याँ इथली कर्करोग संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी केली. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. पैसा गेट्स फाउंडेशनचा. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा विषाणू) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हा निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला आणि जगभरच्या तपासणी धोरणांच्या चर्चेत तो येत राहिला. परांड्याच्या बाईने दिलेल्या नमुन्याचं हे मोल. आधी कोणीतरी नेटाने रजिस्टर भरलं, म्हणून त्यावर उभं राहून एवढा पैसा मागता आला.

तेव्हा तुमचा अर्ज 'आमच्याकडे काय नाही' इथून सुरू करू नका. मी समितीत असताना असे अर्ज वाचले आहेत. पहिली चार पानं तंबाखूचे दुष्परिणाम, मग उपकरणांची लांब यादी, आणि प्रश्न शेवटच्या पानावर. समितीला तंबाखूचे दुष्परिणाम माहीत असतात. पहिल्या परिच्छेदात लिहा : आमच्याकडे मशेरी लावणाऱ्या इतक्या स्त्रियांचे इतक्या वर्षांचे नमुने आहेत, पहिली जखम दिसल्यापासून निदानापर्यंत इतके महिने जातात, आणि हा उशीर अमुक एका कारणाने होतो असा आमचा कयास आहे, तो आम्ही अशा रीतीने तपासणार. हे आकडे काढायला ग्रँट लागत नाही. या दिवाळीपर्यंत तुम्हीच काढू शकता.

मग आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे जा. त्यांच्या बाह्य संशोधन योजनेत लहान अनुदानाची मर्यादाच दोन कोटी आहे. तुम्हाला त्याच्या लहानशा भागात भागेल, आणि खर्च आटोपशीर दाखवलेला अर्ज जास्त विश्वासाने वाचला जातो. सोबत एका मोठ्या केंद्रातला सहसंशोधक घ्या. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची रुग्णालयं आहेत. तिथून ओळखी होतात. संख्याशास्त्रज्ञ अर्ज लिहितानाच सोबत घ्या, आकडे गोळा झाल्यावर नको. संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या तुमच्या एथिक्स कमिटीची नोंदणी चालू आहे का ते आजच बघा. तिची मुदत संपलेली असते आणि कुणाच्या लक्षात नसतं. पैसे महाविद्यालयाच्या खात्यात येतात, म्हणून अधिष्ठाता आणि लेखापाल दोघांना आधी विश्वासात घ्या. वर्षाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्चले याचा दाखला, वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो आणि तुमची फिल्डवरची नर्स बिनपगारी होते.

स्वतःसाठी पूर्ण वेळ संशोधनाचा विचार असेल, तर जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात त्या इंडिया अलायन्सकडे डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळी फेलोशिप आहे. आणि तुमच्या एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपला बसवा. दोन महिन्यांचा छोटा अभ्यास असतो. त्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे तुमचं रजिस्टर सांभाळेल.

एक वाचक, कोल्हापूर : पीएचडी कर्करोगाच्या जनुकांवर झाली. मग दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. सात वर्षं घरी आहे. आता वय ३९. दार बंद झालं का?

नाही, ताई. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना स्त्री संशोधकांसाठी आहे, खंड पडलेल्यांनाही तिथे जागा आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आहे, तिची वयोमर्यादा ५५. दोन्हींत तुम्हाला स्वतःचा प्रकल्प मांडता येतो. पण सात वर्षांत तुमचा विषय फार पुढे गेला आहे, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. जवळच्या विद्यापीठात एखाद्या प्राध्यापकाला भेटा, आठवड्यातून दोन दिवस प्रयोगशाळेत बसू द्या म्हणा. जनुकांचं बरंचसं काम आता संगणकावर होतं. कर्करोगाच्या जनुकीय माहितीचे मोठे साठे सर्वांना खुले आहेत. घरी बसूनही त्यांवर प्राथमिक विश्लेषण करता येईल, आणि तेच अर्जात घालता येईल. अर्जात खंडाचं कारण एका वाक्यात सरळ लिहा. माफी मागितल्यासारखं लिहू नका.

बहीण-भाऊ, सांगली : आई रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या नावाने संशोधनासाठी फेलोशिप सुरू करायची आहे. दोघांचे मिळून दहा लाख आहेत.

तुमच्या आधी असं करणाऱ्यांत एक फार मोठं नाव आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्यांचे पती सर दोराबजींनी त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापला आणि दोन महिन्यांत स्वतः दोराबजीही गेले. तो ट्रस्ट आजही जगभरच्या ल्युकेमिया संशोधकांना साहाय्य करतो, भारतातल्या तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या देतो. मेहेरबाई या डॉ. होमी भाभांच्या आत्या.

आता हिशेब. एका जेआरएफला पाच वर्षांत घरभाडं सोडून २४ लाख लागतात. दहा लाखांत पूर्ण फेलोशिप बसत नाही. मूळ रक्कम तशीच ठेवून सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ७०,००० हाती येतात. त्यात दर उन्हाळ्यात तीन विद्यार्थ्यांना दोन-दोन महिने, महिना १०,००० देता येतील. मला हेच जास्त मोलाचं वाटतं. जतच्या किंवा आटपाडीच्या कॉलेजातली मुलगी दोन महिने शहरात राहून खऱ्या प्रयोगशाळेत काम करते तेव्हा तिला पहिल्यांदा कळतं की हे आपल्याला जमतं. आज ती केवळ खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून जात नाही.

वेगळा ट्रस्ट काढू नका. ऑडिट आणि नोंदणीतच दमाल. ज्या संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळण्याची मान्यता आहे आणि जी स्वतंत्र दाननिधी ठेवते, तिच्याशी लेखी करार करा. मुद्दल मोडायचं नाही, विद्यार्थी तालुक्याच्या कॉलेजातला हवा, आणि दर वर्षी कोण आलं आणि काय केलं हे तुम्हाला कळवायचं, या तीन अटी त्यात घाला. आईचं नाव तर असूच दे.

एक वडील, अकोला : मुलाला ईमेल आला आहे की लंडनच्या एका संस्थेने कर्करोग संशोधनासाठी त्याची निवड केली. १८,५०० रुपये प्रोसेसिंग फी तीन दिवसांत भरायची आहे. भरू का?

भरू नका. अर्ज न करता, परीक्षा किंवा निवड प्रक्रिया न होता कुठलीही खरी फेलोशिप मिळत नाही, आणि निवड झाल्यावर ती तुमच्याकडून पैसे मागत नाही. परीक्षेचं शुल्क वेगळं; ते अधिकृत संकेतस्थळावर परीक्षेआधी भरतात. त्या ईमेलमधल्या लिंकवर जाऊ नका, मुलाची प्रमाणपत्रं आणि पासपोर्टची प्रत पाठवू नका. ही उत्तरं छापून येण्याआधीच पैसे गेले असतील, तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.