संमतिपत्रातली एक ओळ : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागलं तर?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी संमतिपत्र वाचता वाचता ४६ वर्षांच्या एका शिक्षिकाबाईंनी पेन खाली ठेवलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पित्ताशयात खडे, वर्षभरात तिसऱ्यांदा पोटात कळ, पूर्वी दोन सिझेरियन. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलेलं होतं. अडलं ते एका ओळीवर : ‘गरज भासल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.’

“चार छिद्रांत होणार म्हणून मी तयार झाले,” त्या म्हणाल्या. “माझ्या नणंदेलाही हेच सांगितलं होतं. शुद्धीवर आल्या तर पोटावर वीतभर टाके. नक्की काय करणार आहात ते मला आधी सांगा.”

ही भीती समुपदेशनात वरचेवर समोर येते आणि ती रास्त आहे. ‘अहो, ही नुसती फॉर्मॅलिटी असते’ म्हणून सही उरकून घेणं हे सर्वांत वाईट उत्तर. ती ओळ फॉर्मॅलिटी नसते. ती का असते हे कळायला आत काय चालतं ते ठाऊक हवं, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

पोटावर साधारण चार छिद्रं घेतात. एक बेंबीपाशी, एक छातीच्या हाडाखाली आणि दोन उजव्या बरगड्यांखाली. पहिली दोन बहुधा १० मिलिमीटरची, उरलेली ५ मिलिमीटरची. बेंबीपाशी कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची अवजारं. पोटाची भिंत आतड्यांना टेकलेली असते, त्यामुळे काम करायला जागाच नसते. ती करण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका. हाच वायू वापरायचं कारण असं की तो पेट घेत नाही (आत विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवायचा असतो) आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. पोट फुगलं की श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) वर ढकललं जातं, स्नायूही पूर्ण सैल हवे असतात. म्हणून पूर्ण भूल देतात आणि श्वासनलिकेत नळी घालतात. दुसऱ्या दिवशी घसा खवखवतो तो या नळीमुळे.

आता सर्वांत नाजूक टप्पा. पित्ताशयाला दोन गोष्टी जोडलेल्या असतात, त्याची स्वतःची छोटी नळी आणि त्याची रक्तवाहिनी. त्या दोन्ही सुट्या करून, पित्ताशयात शिरणाऱ्या याच दोन आहेत याची खातरी पटल्यावरच सर्जन त्यांना क्लिपा लावून कापतात. शेजारूनच यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका जाते. सूज असेल, पुन्हापुन्हा दुखून सगळं चिकटून बसलं असेल, तर छोटी नळी कोणती आणि मुख्य नलिका कोणती हे पडद्यावर ओळखू येत नाही. मुख्य नलिकेला इजा होणं दुर्मीळ आहे, हजारात काही रुग्णांत घडतं. पण घडलं तर मोठी दुरुस्ती लागते आणि आजार महिनोन्‌महिने रेंगाळतो. अशा वेळी सर्जन थांबतात. कधी पित्ताशयाचा धोकादायक भाग जागेवर ठेवून बाकीचा काढतात, कधी पोट उघडतात. आटोक्यात न येणारा रक्तस्राव आणि आतड्याला इजा ही पोट उघडण्याची आणखी दोन कारणं.

बाईंनी लगेच विचारलं, “आणि मी ती ओळ खोडली तर?”

तो हक्क तुमचा आहे, असंच त्यांना सांगितलं. पण भुलेत असताना रक्तस्राव सुरू झाला, तर तुम्हाला जागं करून विचारायला वेळ नसतो. तो मार्ग बंद ठेवून कोणताही जबाबदार सर्जन सुरुवात करणार नाही. त्यापेक्षा सर्जनना नेमकं विचारा : माझ्या बाबतीत ही शक्यता किती आहे आणि कशामुळे? ठरवून केलेल्या, सूज नसलेल्या शस्त्रक्रियेत ती थोडी असते, शंभरातल्या मोजक्यांच्या वाट्याला येते. तीव्र सूज, सोनोग्राफीत जाड दिसणारी पित्ताशयाची भिंत, वाढतं वय, लठ्ठपणा, पोटाच्या वरच्या भागात आधी झालेलं ऑपरेशन यांनी ती वाढते.

सर्जन संध्याकाळी पुन्हा येऊन बोलले. सिझेरियनमुळे बेंबीच्या आसपास आतडं चिकटलेलं असू शकतं, म्हणून वायू भरायची सुई आंधळेपणाने न घालता तिथे छोटा छेद घेऊन, डोळ्यांनी बघत पहिलं पोर्ट (कॅमेरा आणि अवजारं ज्यातून आत जातात ती नळी) घालणार असल्याचं त्यांनी सांगितलं. तीन वेळा दुखून गेल्यामुळे वेळ जास्त लागेल, हेही. ‘काही होणार नाही’ या आश्वासनापेक्षा या नेमक्या बोलण्याने बाई सावरल्या आणि त्यांनी सही केली. आमचा आग्रह असतो की घरच्यांनी दोन्ही शक्यतांची तयारी ठेवावी. छिद्रांतून झालं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी, साध्या कामाला एक ते दोन आठवड्यांत. पोट उघडलं तर उजव्या बरगड्यांखाली मोठा छेद, रुग्णालयात काही दिवस, कामावर जायला चार ते सहा आठवडे. रजा मागताना हे लक्षात घेतलं की मागाहून धावाधाव होत नाही.

त्याच बैठकीत तयारीचंही झालं. घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत (भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील तर त्यांचं ऐकायचं). बेंबी साबणाने नीट स्वच्छ करायची, कारण पहिलं छिद्र तिथेच असतं. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि मनाने चालूही ठेवायच्या नाहीत. घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, काढे-चूर्णांसकट, भूलतज्ज्ञांच्या हातात द्यायची. काढ्यांचा उल्लेख रुग्ण हमखास विसरतात.

शस्त्रक्रियेला तासाऐवजी दोन तास लागले. बाहेर बसलेल्या यजमानांनी वेळ लांबली म्हणजे पोट उघडलं असं धरलं होतं. तसं झालं नव्हतं, सगळं छिद्रांतूनच पार पडलं. मात्र पोटाच्या उजव्या बाजूला एक बारीक नळी होती, तिच्या टोकाला पिशवी. या नळीची कल्पना नसेल तर घरच्यांच्या पोटात गोळा येतो. जिथे चिकटलेलं सोडवावं लागतं तिथे थोडं रक्तपाणी किंवा पित्त झिरपतंय का हे कळावं म्हणून ती ठेवतात. पिशवीत फिकट लालसर पाणी थोडंसं येणं अपेक्षित असतं. हिरवट-पिवळं आलं तर नर्सला लगेच दाखवायचं. बाईंची नळी दुसऱ्या दिवशी निघाली.

बेंबीची जखम बाकीच्यांपेक्षा जास्त का दुखते, हे त्यांनी विचारलं. पित्ताशय पिशवीत बंद करून तिथून बाहेर ओढलेलं असतं. खडे मोठे असतील तर ते छिद्र थोडं वाढवावंही लागतं. भोवती निळसर डाग पडतो, तो एक-दोन आठवड्यांत विरतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला. “खांदा इतका दुखतोय की श्वास घेववत नाही. हार्टचं काही नाही ना?”

ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, हे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर नेहमीचं आहे. उरलेला वायू आणि ताण यांनी श्वासपटल चुरचुरतं, आणि त्याची नस मानेतून ज्या मुळांतून येते तिथूनच खांद्याची संवेदनाही येते. मेंदूला ते दुखणं खांद्याचं वाटतं. पण फोनवर ‘गॅसचं आहे’ म्हणून मोकळं होणं धोक्याचं, म्हणून आधी प्रश्न विचारले. छातीवर दडपण? घाम? डाव्या हातात किंवा जबड्यात कळ? बसल्याबसल्या धाप? पोटरी सुजून दुखतेय? ताप? सगळ्याला नाही. खोल श्वास घेताना उजव्या खांद्याच्या टोकाला टोचत होतं आणि आडवं झालं की कमी होत होतं. विचारलेल्यातल्या एकाही प्रश्नाला हो आलं असतं तर त्यांना तडक रुग्णालयात बोलावलं असतं. हे सगळं सर्जनना कळवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून नेहमीची वेदनाशामक गोळी वेळेवर घेणं, घरातल्या घरात दर दोन तासांनी थोडं चालणं आणि खांद्याला शेक एवढं सांगून संध्याकाळी पुन्हा फोन करायला लावलं. दुखणं दीड दिवसात ओसरलं.

घरी गेल्यावर आमचं एक मोजमाप असतं : आजचा दिवस कालच्यापेक्षा थोडा बरा हवा. पोटदुखी कमी होत जाण्याऐवजी वाढली, पोट फुगत चाललं, उलट्या थांबेनात, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. पित्त गळत असेल तर ते बहुधा पहिल्या आठवड्यातच, रुग्ण घरी असताना समोर येतं. रात्री-अपरात्री त्रास नको म्हणून सकाळपर्यंत सोसणारे बरेच असतात. ते सोसणं महागात पडतं.

दहाव्या दिवशी बाई तपासणीला आल्या. जखमा कोरड्या, काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीचा रिपोर्ट जुन्या सुजेचा, काळजीचं काही नाही. तेलकट खाल्लं की पातळ शौचाला होतं, अशी तक्रार होती. पित्त आता साठवलं न जाता थेट आतड्यात उतरतं, त्यामुळे काहींना सुरुवातीला असं होतं. थोडं थोडं आणि कमी स्निग्ध खाल्लं की बहुतेकांचं काही आठवड्यांत जुळून येतं. शाळेत जायला सर्जननी हरकत घेतली नाही. फक्त महिनाभर चार-पाच किलोंच्या वरचं ओझं उचलायचं नाही, कारण बाहेरची कातडी जुळली तरी १० मिलिमीटरच्या छिद्राखालचा थर अजून कच्चा असतो आणि जोर पडला तर तिथे हर्निया होऊ शकतो. त्यांच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता, तो यजमानांनी घेतला.