माझ्यामागे दादूचं काय?

प्रश्न : माझं वय ७१. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगा दादू ३८ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के, तसं सरकारी प्रमाणपत्र आहे. एसटीत खिडकीजवळ बसायला मिळालं की खूश असतो. मुलगी पुण्यात असते, तिची भावावर माया आहे. घर आणि १८ लाखांच्या ठेवी माझ्या नावावर आहेत. माझा भाऊ म्हणतो, सगळं मुलीला बक्षीसपत्र करून दे, ती बघेल दादूचं. करू का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, बक्षीसपत्र करू नका. मुलीवर अविश्वास म्हणून नाही. बक्षीसपत्र नोंदलं की घर तिचं झालं. उद्या तिच्यावर कर्ज झालं, तिचंच काही बरंवाईट झालं, तर घर तिच्या वारसांकडे जाईल आणि दादूचा त्यावर कागदोपत्री काडीचाही हक्क उरणार नाही.

हे मी वकील म्हणून सांगते, तेवढंच बहीण म्हणून. माझ्या धाकट्या भावाला, विनूला, डाउन सिंड्रोम आहे. आईने त्याची सोय म्हणून एक ठेव त्याच्या नावावर केली होती. आई गेल्यावर आम्ही दोघं बँकेत गेलो. विनूने अंगठा उमटवला, शाई शर्टाला पुसली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं. अधिकाऱ्यांनी कागद परत सरकवला : पालकत्वाचा आदेश आणा. सख्खी बहीण समोर उभी, पण कायद्याने मी त्याची कुणीच नव्हते. आदेश हाती यायला अकरा महिने गेले. लोकांची मृत्युपत्रं लिहून देत होते आणि घरातलं राहून गेलं, याची बोच अजून आहे.

म्हणून आधी पालकत्व. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. म्हणजे गेली २० वर्षं तुम्हीही कायद्याने दादूच्या पालक नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली कोर्टाची पायरी न चढता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. साताऱ्याला अर्ज करा. पालकाला सहा महिन्यांत दादूच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. जाच वाटेल, पण उद्या मुलगी पालक झाली की हाच हिशेब दादूला जपेल आणि तिला नातेवाइकांच्या बोलण्यापासून वाचवेल.

मग मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, साक्षीदार दोन हवेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्या. दादूचा वाटा थेट त्याच्या नावावर न ठेवता त्याच्यासाठीच्या खासगी ट्रस्टकडे, म्हणजे त्याच्यासाठी तो सांभाळणाऱ्या विश्वस्तांकडे, जाईल असं लिहा. एक विश्वस्त मुलगी, दुसरा घराबाहेरचा, हिशेबाला पक्का. जेवू घालणारा हात आणि तिजोरीची किल्ली एकाच माणसाकडे नको, हे माझं ठाम मत आहे. तुमच्यामागे पालक म्हणून कोण हवं, तेही त्यात लिहा. समितीवर ते बंधनकारक नाही, पण आईच्या शब्दाला वजन असतं. आणि ठेवींना नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, मालकी वारसांचीच.

तुमच्या पेन्शनचंही बघा. कमवू न शकणाऱ्या अपंग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. पंचायत समितीत जाऊन पेन्शनच्या कागदांत दादूचं नाव आणि प्रमाणपत्र लागलंय का, ते आत्ताच तपासा. तुमच्यामागे हे सिद्ध करत बसणं मुलीला फार जड जाईल.

शेवटी एक दोनशे पानी वही घ्या. दादूची औषधं, वेळा, तो कशाला घाबरतो, ताप आला की कसं सांगतो, सगळं त्यात उतरवा. विनू दह्याशिवाय भात खात नाही आणि केस कापताना त्याला रेडिओ लागतो, हे फक्त आईला माहीत होतं. ती गेल्यावर पहिले काही दिवस तो जेवत का नाही, हे आम्हाला कळेना.

साताऱ्याला अर्ज द्यायला जाल तेव्हा दादूला बरोबर न्या. खिडकीजवळची जागा त्याला द्या.