ग्राउंड म्हणजे आधी जमीन नव्हे, तळ

तुम्ही विचारलंय की ग्राउंड म्हणजे जमीन, मग कोर्टाच्या कागदात 'ऑन द ग्राउंड ऑफ' म्हणजे 'या कारणावरून' असं कसं होतं, आणि कॉफी ग्राउंड्स हा शब्द दळण्यावरून आला का. मी बरीच वर्षं इंग्रजी कागदपत्रं मराठीत आणतो आहे. सुरुवातीला मीही या शब्दाला 'जमीन' धरूनच चालायचो आणि प्रत्येक वेळी कुठेतरी अडायचो. 'तळ' धरला तेव्हा सगळं सुटत गेलं.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ग्रुंड' असा होता. समुद्राचा तळ, खोल जागा, पाया, इतकंच काय पाताळ, असे त्याचे अर्थ. जमिनीचा पृष्ठभाग हा अर्थही त्या काळी होता, पण मूळ कल्पना सगळ्यांत खालच्या थराची. 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात एक राक्षसीण डोहाच्या तळाशी राहते. तिच्यासाठी कवीने जो जोडशब्द वापरलाय त्याची सुरुवात याच 'ग्रुंड'ने होते. तिथे 'जमीन' घातली तर काहीच हाती लागत नाही. जहाज 'अग्राउंड' होतं म्हणजे त्याचं बूड पाण्याखालच्या तळाला टेकतं, तेही इथलंच.

पृथ्वी या अर्थी इंग्रजांकडे 'अर्थ' हा वेगळा शब्द होताच, जर्मनमधल्या 'एर्ड'चा तो भाऊबंद. त्यामुळे ग्रह, माती, दुनिया हे सगळं 'अर्थ'कडे गेलं. ग्राउंडला ग्रहाचा अर्थ कधी चिकटला नाही.

आणि गंमत बघा, आपणही हेच केलंय. ग्राउंड फ्लोअरला आपण भूमजला म्हणत नाही, तळमजला म्हणतो. संस्कृतातलं 'तल' रसातळातही आहे आणि भूतलातही, म्हणजे सगळ्यांत खाली काय आणि पायाखालचा पृष्ठभाग काय, दोन्हीकडे तेच. ग्रुंडचा प्रवास मराठी माणसाला समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही. दोन्ही शब्दांचं मूळ एक आहे असं मात्र समजू नका. ग्रुंडचे सगेसोयरे जर्मॅनिक भाषांतच सापडतात.

आता कोर्टाचं. जे सगळ्यांत खाली असतं त्यावर वरचं उभं राहतं, म्हणून तळाचा पाया झाला, आणि पायाचा युक्तिवादाचा आधार. जर्मनमध्ये आजही 'ग्रुंड' म्हणजे तळ, जमीन आणि कारण, तिन्ही. त्यांच्या 1949 च्या राज्यघटनेचं नावच 'ग्रुंडगेझेट्स', म्हणजे पायाभूत कायदा. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13 मध्ये घटस्फोटाची ग्राउंड्स दिलेली आहेत. वकील मंडळी 'कोणत्या ग्राउंडवर अर्ज केलाय?' असं सर्रास विचारतात. तुमच्या भाषांतरात तिथे 'आधार' घाला. 'कारण' चुकीचं नाही, पण कारण घरात घडतं आणि आधार कायद्याने मान्य केलेला असावा लागतो. भांडणं हे कारण, क्रूरता हा आधार. हा फरक निसटला की मराठी वाचणाऱ्या पक्षकाराची दिशाभूल होते, म्हणून मी याबाबत हट्टी आहे.

कॉफीबद्दल बहुतेकांची फसगत होते. दळलेली कॉफी ती 'ग्राउंड कॉफी', हे 'ग्राइंड' क्रियापदाचं रूप, वेगळ्याच मुळाचं. पण भांड्याच्या बुडाशी राहतो तो चोथा म्हणजे 'ग्राउंड्स', आणि तो तळावरून आलाय. द्रवाच्या तळाशी बसणाऱ्या कुठल्याही गाळाला हा शब्द लावत असत. दोन वेगळे शब्द एकाच कपात भेटले, एवढंच.

वायरमन ज्याला अर्थिंग म्हणतात त्याला अमेरिकेत ग्राउंडिंग म्हणतात. ब्रिटिशांकडून वीज शिकलो म्हणून आपण 'अर्थ'वाले. कोळसा-मीठ घालून खड्डा करतात तिथे दोन्ही शब्द चालतात. पण बॅटरीवरच्या रेडिओच्या सर्किटमध्ये 'ग्राउंड' लिहिलेलं असतं तेव्हा जमिनीशी काही संबंध नसतो. ज्या बिंदूला शून्य धरून बाकीचे व्होल्टेज मोजायचे तो बिंदू, म्हणजे पुन्हा आधारच.

मराठीत आल्यावर या शब्दाने आणखी एक उडी मारली, तीही सांगतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं 'ग्राउंड झालं, आता लेखी राहिलंय' म्हणतात तेव्हा ग्राउंड म्हणजे मैदानही उरत नाही. धावणं आणि गोळाफेक मिळून जी मैदानी चाचणी होते, ती अख्खी म्हणजे ग्राउंड.