कोंबडी खुराडं सोडून कडब्याच्या गंजीत खुडूक (अंडी उबवायला) बसली आहे, हलवावी का?

हलवा, पण दिवसाउजेडी नको. अंधार पडल्यावर, अंड्यांसकट. परसात गावठी कोंबड्या पाळत असल्याने सांगतो: खुडूक कोंबडीला अंधार, आडोसा आणि वर्दळ नसलेली जागा लागते. खुराड्यात बाकीच्या कोंबड्यांची ढकलाढकल आणि पिसवा असतील तर ती गंज, माळा, जुनी पाटी, अगदी बंद पडलेल्या गाडीची सीटसुद्धा निवडते. गंजीत मुंगूस, साप अंडी सोडत नाहीत, म्हणून हलवणं बरं. खोलगट पाटीत तळाला राख, वर वाळलेलं गवत घाला, आधी अंडी ठेवा, मग कोंबडी, आणि वर डालगं झाका. दुसऱ्या दिवशी एकदा दाणा-पाण्यासाठी सोडा. पंधरा-वीस मिनिटांत ती परतते. जुन्या जागेकडे वळलीच तर उचलून पाटीत आणा. मात्र बसून अठरा दिवस उलटले असतील तर हात लावू नका. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघतातच, तोवर भोवती जाळी लावा. माळ्यावर बसली असेल तर पिल्लं निघाल्या निघाल्या खाली घ्या, ती सरळ कडेवरून पडतात.