लेकीचा कॅप्टन बदलायला तुला कोणी सांगितलं होतं?

आलेलं पत्र (थोडं कापलंय, पॉइंटचे हिशोब फार होते):

ताई, हसू नका पण मी फॅन्टसी फुटबॉलपायी पार वैतागलोय. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची ती फुकटवाली गेम, खऱ्या खेळाडूंची आपली टीम काढायची, ते खऱ्या मॅचमध्ये जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. ऑफिसात आमची 14 जणांची लीग आहे, पैसेबिसे नाहीत, शेवटच्या नंबरवाल्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची एवढंच. मागच्या आठवड्यात मी दुसरा होतो, आता सहावा. फुकटच्या वर दोन जादा ट्रान्सफर (म्हणजे खेळाडू बदल) केले, सरळ 8 पॉइंट कापले गेले, आणि ज्याला आणला त्याने उतरल्या उतरल्या पिवळं कार्ड घेतलं. कॅप्टन केलेला स्ट्रायकर बेंचवर! 75 व्या मिनिटाला उतरला, 1 पॉइंट, कॅप्टनचे डबल होतात म्हणून 2. अजिबात उतरला नसता तर त्याच्या जागी व्हाइस कॅप्टन लागला असता, त्याचे डबल झाले असते, आणि त्याने दोन गोल मारलेले, डोक्याला हात लावला मी. माझ्याच राखीव खेळाडूंचे 21 पॉइंट बेंचवर सडले ते वेगळंच. शुक्रवारी रात्री 12 ची डेडलाईन, ऑफिसातून निघायला उशीर, दादरवरून स्लो लोकल पकडलेली, मुलुंडपर्यंत उभ्या उभ्या सगळं केलं. (लेकीच्या टीमचं पण. पाचवीत आहे, टीम मीच काढून दिलेली. तिने वहीत टॅकल-बिकल मोजून एका डिफेंडरला कॅप्टन ठेवलेला, म्हटलं पोर आहे, बदलून माझाच स्ट्रायकर लावला, ती झोपलेली. डिफेंडर 17 पॉइंट घेऊन आला, नशीब एकेकाचं. आता म्हणते मला नाय खेळायचं. मुलं आहेत, विसरतात.) बायको म्हणते परत गेम उघडलीस तर मोबाईल फेकून देईन. सोमवारी ऑफिसला जायची इच्छा होत नाही. लीग सोडू, की वाइल्डकार्ड (एका आठवड्यात हवे तेवढे ट्रान्सफर फुकट) लावून टीमच नवी करू?
– मुलुंडचा मॅनेजर

साहेब, तुझ्या स्ट्रायकरचं मला काडीचं सोयरसुतक नाही. जादा ट्रान्सफरला 4 पॉइंट जातात हे तुला ऑगस्टपासून माहीत आहे, तरी दोन केलेस, 8 गेले, विषय संपला. कॅप्टन एक मिनिट जरी खेळला तरी व्हाइस लागत नाही, हाही नियम काही काल आलेला नाही. बायको मोबाईल फेकणार की नाही हे तुम्ही दोघं बघून घ्या, मी त्यात पडत नाही.

मी अडकले त्या कंसात. एवढं लांबलचक पत्र, पिवळ्या कार्डापासून बेंचपर्यंत सगळं उघड्यावर मांडलंयस, आणि पोरीचं तेवढं कंसात.

तिचा हिशोब तू केलेला नाहीस, म्हणून मी करून देते. डिफेंडरचे 17 म्हणजे साधारण असे होतात: तासाच्या वर खेळला त्याचे 2, टीमने गोल खाल्ला नाही त्याचे 4, स्वतः गोल मारला त्याचे 6, बोनस 3, आणि टॅकल, क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन मिळून निदान दहा केले त्याचे 2. तिने ठेवला होता तसा राहिला असता तर 34, आणि तुझा तो लाडका स्ट्रायकर तिच्याकडे साधा होता त्याचा 1, एकूण 35. तू हात घातलास, झाले 17 आणि 2, म्हणजे 19. लेकीचे 16 पॉइंट गेले, बाबा. स्वतःचे 8 गेले तर तुला ऑफिसला जाववत नाही आणि तिचे त्याच्या दुप्पट गेले तर "मुलं आहेत, विसरतात"?

आणि ते "नशीब एकेकाचं" तर आधी मागे घे. टॅकल मोजून 2 पॉइंट द्यायचा नियम 2025-26 च्या सीझनला आलाय. त्याआधी डिफेंडर दिवसभर मर मर मरला तरी टीमने शेवटच्या मिनिटाला एक गोल खाल्ला की खेळल्याचे 2 सोडून त्याच्या हातात फारसं काही उरायचं नाही, म्हणून तर तुझ्यासारखे जुने खेळाडू डोळे मिटून स्ट्रायकरला कॅप्टन करतात, जो ऑफिसातल्या निम्म्या लोकांकडे असतोच. तिने नवीन नियम वाचला, वही घेतली, कोण आठवड्याला किती वेळा बॉल काढतो ते मोजलं आणि त्यावरून माणूस निवडला. याला नशीब नाही, अभ्यास म्हणतात. तू काय केलंस त्या रात्री? लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जे सगळे करतात तेच केलंस. म्हणजे पोरीने पेपरात बरोबर सोडवलेलं गणित खोडलंस, वर आपलं उत्तर लिहिलंस, आणि ते चुकीचं निघालं.

पण समज ते बरोबर निघालं असतं तर? तुझा स्ट्रायकर हॅटट्रिक मारून आला असता, तिला भरभरून पॉइंट मिळाले असते, तू शनिवारी घरभर मिरवला असतास, बघ बाबाने कसं वाचवलं. मग हे पत्रही आलं नसतं. आणि पोरगी वही बंद करून बसली असती, कारण मोजून काय उपयोग, रात्री बाबा येणार आणि त्यांना हवं ते करणार. त्यापेक्षा हे झालं ते बरं, निदान ती चिडली तरी. खेळायचं नाही म्हणाली म्हणजे तिला कळलंय काय झालं ते. तुला अजून कळलेलं नाही.

ती झोपलेली होती असं सांगू नकोस मला. शुक्रवारची पहिली मॅच तिकडे रात्री 8 ला, डेडलाईन तिच्या दीड तास आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की आपल्याकडे 11 चे 12 होतात, हे तुला पाठ आहे. 12 वाजेपर्यंत पाचवीतली पोर जागी राहणार नाही हेही पाठ आहे. संध्याकाळी 7 ला ऑफिसातून एक फोन करून "अगं, स्ट्रायकर ठेवूया का?" एवढं विचारता आलं असतं. नाही विचारलंस, कारण ती नाही म्हणाली असती. बरोबर ना?

अजून एक. या गेमचा नियमच आहे, एका माणसाला एकच टीम. तेव्हा ती टीम एकतर तिची आहे, नाहीतर तू दोन टीम चालवून सरळ चीटिंग करतोयस. कुठलं ते ठरव.

आता करायचं काय ते ऐक, आणि हे आजच करायचं, पुढच्या गेमवीकला (मॅचच्या फेरीला) नाही. घरी जा, तिच्यासमोर बस, आणि म्हण, तुझा कॅप्टन मी तुला न विचारता काढला, चूक झाली. पुढे "पण" लावायचा नाही. "पण बाबाला वाटलं", "पण बेंचवर बसवतील हे कोणाला माहीत होतं", काही नाही. स्ट्रायकरचं नावसुद्धा काढू नकोस. मॉलला नेऊन, आईस्क्रीम देऊन मिटवू नकोस, तिला कळतं ते. मग तिच्या टीमचा पासवर्ड तिलाच बदलू दे, तू तिकडे तोंड करून उभा राहा. तो तुला सांगायचा नाही, विसरायला होईल म्हणून कुठे चिठ्ठीवर लिहूनही ठेवायचा नाही. विसरली तर ती बघेल, नाहीतर तिची आई बघेल.

आणि तरी ती नाहीच म्हणाली तर नाही. "चल ना, बाबासाठी" करत मागे लागू नकोस. 38 गेमवीकचा सीझन आहे, मे महिन्यापर्यंत चालतो, टीम कुठे पळून जात नाही. मनात आलं तर येईल परत. आली, आणि समज तिने गोलकीपरला कॅप्टन केलं, तर तू चहा पीत बसायचंस. एक अक्षर बोलायचं नाहीस. पेनल्टी अडवली तर 5 मिळतात, डबल झाले तर 10, हे तिला बहुतेक तुझ्या आधी माहीत असेल.

तुझ्या प्रश्नाचं राहिलं. लीग सोडू नकोस, 14 जणांत सहावा म्हणजे मिसळीचं बिल अजून बरंच लांब आहे, उगाच नाटकं. वाइल्डकार्ड रागात लावतात ते दोन आठवड्यांत पुन्हा मला पत्र लिहितात. पहिलं डिसेंबरअखेरपर्यंत चालतं, तोवर शांत हो. या आठवड्यात स्वतःच्या टीमला बोटही लावू नकोस, न वापरलेला फुकटचा ट्रान्सफर पुढे जातो, पाचपर्यंत साठतात. पुढच्या आठवड्यात दोन बदल करावेसे वाटले तर 4 पॉइंट मोजायला लागणार नाहीत.