दुखणं दहापैकी किती?

प्रश्न : दाढ दुखत होती. दवाखान्यात विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" मी आठ सांगितलं. बायकोचं म्हणणं, नऊ सांगितलं असतं तर नंबर लवकर लागला असता. या आकड्याला खरंच काही अर्थ असतो का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : नंबर लागायला नाही, पण अर्थ असतो. तुमचा आठ आणि बाकावर शेजारी बसलेल्या माणसाचा आठ यांची तुलना करता येत नाही. आज आठ आहे, गोळ्या घेतल्यावर तीन दिवसांनी चार झाला का, एवढंच आम्हाला त्यातून बघायचं असतं. रक्तदाबाच्या यंत्रासारखं दुखणं मोजायचं यंत्र नाही. जे काही आहे ते तुमच्या तोंडच्या शब्दांत. १९७५ साली कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावून एक प्रश्नावली केली, ती आजही वापरात आहे.

मराठी माणसाचा शब्दसाठाही काही कमी नाही, पण खुर्चीत बसला की तो नुसतं "दुखतंय" म्हणतो! "गार पाण्यानं दात आंबतात" असं सांगितलंत तर मी आधी हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलंय का, ते बघतो. "रात्री आडवं झालं की ठणका लागतो" म्हणालात तर दाताच्या आतल्या पल्पला, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या असलेल्या मऊ गराला, सूज असावी. आणि "दात घासताना, नुसतं वारं लागलं तरी गालात करंट बसतो, क्षणात जातो" म्हणालात तर मी पक्कड लांब ठेवतो. ते ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकतं, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. दात काढून ते थांबत नाही. तरी दोन-तीन धडधाकट दाढा काढून झाल्यावरच ही मंडळी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पोचतात.

प्रश्न : दाताला मशीनची कांडी लावून आकडा वाढवत नेला. शेजारच्या दातात २२ ला झिणझिण्या आल्या, दुखऱ्या दातात ५५ ला. म्हणजे नस अर्धी मेली का?

उत्तर : नाही. त्या करंटनं नस जागी आहे की नाही, एवढंच कळतं. दाताला रक्त पोचतंय का, हे त्याला दिसत नाही. दातावर थुंकी राहिली किंवा कांडी जरा सरकली तरी आकडा बदलतो. माझा भरवसा गारव्यावर जास्त. दाताला गार बोळा लावून काढल्यावर कळ दोन-चार सेकंदांत गेली तर बरं, अर्धा मिनिट रेंगाळली तर पल्पचं काही खरं नाही.

प्रश्न : खालची अक्कलदाढ काढून अडीच महिने झाले. उजवीकडचा खालचा ओठ नि हनुवटी अजून बधिर आहे. चहा ओघळला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणतात, "येईल हळूहळू." किती वाट बघू? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : ताई, बहुतेकांचं येतं. पण "येईल" म्हणून नुसतं बसून राहू नये, मोजत राहावं. खालच्या जबड्यातली नस अक्कलदाढेच्या मुळांना लागूनच जाते. काढताना ती दबली किंवा ताणली गेली असणार. घरी एक करा. डोळे मिटा, कोणाला तरी कापसाची वात ओठावरून फिरवायला सांगा. कळेनासं होतं तिथे पेनानं ठिपका. ठिपके जोडा, फोटो काढा, तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी तेच. घेर आक्रसत असेल, मधेच मुंग्या येत असतील तर नस जागी होतेय.

दवाखान्यात याहून बारीक मोजता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माक्स फॉन फ्राय या जर्मन शास्त्रज्ञानं काडीला केस चिकटवून त्वचेवर टेकवले. ठरावीक जोर पडला की केस वाकतो, म्हणजे स्पर्श किती जोराला कळला ते समजतं. आता केसाच्या जागी नायलॉनचा धागा आहे. कुष्ठरोगाच्या आणि मधुमेहींच्या पायांच्या तपासणीत तोच वापरतात. शिवाय कंपासची दोन टोकं टेकवून ती एक वाटतात की दोन, हेही बघतात. चांगल्या ओठाला काही मिलिमीटरचं अंतरसुद्धा ओळखू येतं. तुमची डावी बाजू हेच तुमचं माप.

तीन महिन्यांनीही घेर तसूभर हलला नाही, किंवा नुसत्या स्पर्शानं आग व्हायला लागली, तर मुख व जबडा शल्यचिकित्सकांना दाखवा. नस जोडायचीच असेल तर उशीर महागात पडतो. तोवर चहा जरा निववून प्या. (दातांचं काहीच काम केलेलं नसताना हनुवटी बधिर झाली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.)

प्रश्न : मिसळ सोडा, साधी भाजीही तोंडात झोंबते. जांभईला तोंड पूर्वीएवढं उघडत नाही. सुपारी पंधरा वर्षं खातोय, गुटखा कधीच नाही.

उत्तर : गुटखा नाही म्हणून सुटका नाही, खरी गुन्हेगार सुपारीच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, सुपारी मात्र लग्नाच्या ताटातही असते. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन चटका ओळखणाऱ्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला, म्हणजे नसांच्या टोकावरच्या संवेदकाला, चेतवतं. १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो शोधला आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. साध्या भाजीनंही चटका बसतो, याचा अर्थ तोंडाचं अस्तर बिघडलंय. आरशासमोर स्वच्छ पट्टी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजा. मोठ्या माणसाचं साधारण ४० ते ५० मिलिमीटर भरतं. आपलीच तीन बोटं उभी जायला हवीत. तुमची दोनच जात असतील आणि गाल आतून पांढरट, दोरीसारखे ताठ लागत असतील, तर हा सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाच्या अस्तराखालचा थर ताठ होत जाण्याचा आजार, असणार. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं कठीण, पण सुपारी आज सुटली तर आणखी आखडणं रोखता येतं. यातून कर्करोगही होऊ शकतो, म्हणून याच आठवड्यात तपासून घ्या.

प्रश्न : जिना चढताना खालचा जबडा दुखतो, थांबलं की पाच मिनिटांत राहतो. दातांचा एक्स-रे चांगला आला. दुखणं डायरीत कसं लिहू?

उत्तर : डायरी नको, पट्टी नको. हे हृदयाचं दुखणं असू शकतं. आजच्या आज ईसीजी काढा. बसल्याजागी दुखू लागलं, घाम फुटला, तर १०८ ला फोन करा.