तीर्थन नदीत मोठा ट्राउट गळाला लागण्यासाठी काय करावं?

तुम्ही विचारलंय की हिमाचलात तीर्थन नदीवर छोटे ट्राउट मासे मिळतात, मोठा का लागत नाही. मुख्य कारण म्हणजे मोठ्या ब्राउन ट्राउटचं (ट्राउटची एक जात) खाणं बदलतं. किड्यांपेक्षा तो छोटे मासे धरायला लागतो, म्हणून आमिषही छोट्या माशाच्या आकाराचं हवं: ५ ते ७ सेंटिमीटरचा स्पून (चमच्यासारखं चकाकतं धातूचं आमिष) किंवा मिनो (छोट्या माशासारखं कृत्रिम आमिष). ७ फुटी स्पिनिंग रॉड (गळाची काठी), २५०० आकाराचं रीळ (दोरी गुंडाळायचं चाक) आणि ८ पौंडी तंगूस (८ पौंड ताण सोसणारी गळाची दोरी) पुरे.

आता जागा. हा मासा भर प्रवाहात फिरत नाही. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, पाणी फेसाळून संथ होतं तिथे, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. म्हणून खालच्या बाजूने, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता जा. धोंड्याच्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला आमिष टाका आणि प्रवाहाच्या वेगापेक्षा जरा जलद ओढत आणा. पहिली फेक नीट पडायलाच हवी, एकदा बुजला की तो बाहेर येत नाही.

वेळ तांबडं फुटताना किंवा तिन्हीसांजेची. मत्स्य विभागाचा परवाना घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रजननामुळे बंदी असते. आणि कृपा करून मोठा मासा ओल्या हातांनी धरून परत सोडा, नदीची पुढची पिढी त्याच्याच पोटात असते.